होळ्याचं विरजण

रविवार, १२ जानेवारी
उपासनेहून आल्यावर

चि. प्रिस्किला,

येशूच्या नावाने तुला सलाम. पाकिटावरचं माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. पप्पांना म्हणावं फोन करू नका, फोनवर त्यांचा आवाज चढतो आणि मला बाकावर उभं केल्यासारखं वाटतं, असं तूच आईजवळ म्हणालीस. म्हणून लिहितो. कागदावर आवाज चढत नाही. शिवाय घरात आपण बोलतो त्या मावचीत मला फक्त हाका मारता येतात आणि रागावता येतं. समजावून सांगायचं म्हटलं की मला शाळेची मराठीच लागते.

तू आईला जे कळवलंस ते तिने मला सोमवारी सांगितलं. तुमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेचा फ्रीझर नाताळच्या सुट्टीत बंद पडला, तुझ्या साऱ्या नळ्या खराब झाल्या, आणि आता फेब्रुवारीअखेर तू आणि तुझ्या मॅडम इकडे येऊन आजाच्या मडक्यातला गाळ नव्याने नेणार. तो मिळाला नाही तर तुझं इतक्या वर्षांचं काम तिथेच थांबेल, असंही ती म्हणाली. हे मला बायकोकडून कळावं? असो. या घराचा कर्ता मी आहे, हे तुला कोणी सांगायला नको.

मॅडम याव्यात. त्यांच्या राहण्याजेवणात काही कमी पडणार नाही. फक्त त्यांना शेतावरच्या झोपडीकडे नेऊ नकोस. तिथे धड खाट नाही, आंबट वास मारतो, माश्या असतात. तुला हवा तेवढा गाळ मी स्टीलच्या डब्यात घालून हॉलमध्ये आणून देईन, आणि जुना कुजका नव्हे, ताजा स्वच्छ देईन. हॉलला मी रंग दिला आहे. आदर्श शिक्षकाचं प्रमाणपत्र पुन्हा चौकटीत बसवून घेतलं आहे.

आता नाताळचं. जेवण टाकून तू बॅग उचललीस आणि एसटी धरलीस, ते काही बरं दिसलं नाही. माझी बाजूही ऐक. मी चर्चच्या मंडळीचा पंच आहे, व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष आहे. गावोगाव फिरून मी लोकांना ताडी सोडा म्हणून सांगतो. नवे पाळक साहेब आणि त्यांच्या पत्नी शोभाबाई नगरहून बदलून आल्यावर पहिल्यांदा आपल्या घरी जेवायला बसलेले, आणि तू हातात फोन घेऊन फोटो दाखवत सुटलीस. काय, तर हा माझ्या आजाच्या ताडीच्या मडक्यातला गाळ.

तू काय सांगितलंस ते मी नीट ऐकलं होतं. ऐकत नाही असं तुला वाटतं, पण मी ऐकतो. यीस्ट म्हणजे एकच पेशी. तिला कोंब फुटतो, त्याची लेक पेशी होते, लेक आईपासून सुटते आणि आपल्या वाटेने जाते. आजा रोज मडक्यातलं वरचं ओतून देतो, तळाचा गाळ तसाच ठेवतो आणि त्यावर झाडावरून उतरवलेला नवा रस ओततो. म्हणजे ज्या वर तरंगत राहिल्या त्या गेल्या, ज्या चटकन तळाला बसल्या त्या राहिल्या. कधीतरी एका पेशीत बिघाड झाला आणि तिची लेक तिच्यापासून सुटेना. लेकीची लेकही सुटेना. गठ्ठा झाला. गठ्ठा जड, तो आधी तळ गाठतो, म्हणून तोच टिकला. आजाच्या आणि त्याच्याही बापाच्या हयातीत मडकं हेच निवडत आलं. आता तो गठ्ठाच एका जिवासारखा वागतो. फार मोठा झाला की आतल्या काही पेशी मरतात, तिथून तो तुटतो आणि तुटलेला तुकडा पुन्हा वाढतो. ताडाचं झाड काय, बैल काय, माणूस काय, सगळ्यांची सुरुवात कधीतरी अशीच झाली असेल, असं तू म्हणालीस.

यात ईश्वराची योजना कुठे, असं मी मध्येच विचारलं. खरं सांगायचं तर मला त्या घटकेला ईश्वराचं काही पडलेलं नव्हतं. मला विषय बदलायचा होता.

मग शोभाबाईंनी मला जे विचारलं आणि मी जे उत्तर दिलं ते तू ऐकलंस. ते इथे पुन्हा लिहीत नाही. मंडळीचा मान राखायला माणसाला एखादा शब्द बोलावा लागतो. आजाने काही ऐकलं नाही. तो बाहेर ओट्यावर जेवत होता आणि त्या बाजूचा त्याचा कान कधीच गेलेला आहे.

झोपडीची साफसफाई मी करवून घेतली आहे. मॅडम चुकून तिकडे वळल्याच तरी आपल्याला मान खाली घालावी लागणार नाही.

तुझे पप्पा,
उ. हो. वसावे
(निवृत्त मुख्याध्यापक)


सोमवार, २० जानेवारी

चि. प्रिस्किला,

आज थोडक्यात लिहितो. शास्त्र शिकवलेला माणूस म्हणून एक शंका विचारतो, तिचा कशाशीही संबंध जोडू नकोस.

समजा एखादं मडकं राख लावून आतून घासलं आणि कढत पाण्याने धुतलं. माती सच्छिद्र असते, हे मीच मुलांना शिकवत असे. तर त्या छिद्रांत जुने जीव काही ना काही राहत असतील ना? राहिले तर पुन्हा वाढून पूर्वीसारखे व्हायला किती काळ लागेल? उत्तर आईच्या फोनवर कळव. घाई नाही.

घाई आहे.

आणखी एक. पूर्वी आजाच्या मडक्यातला रस ढवळला तरी जरा वेळाने वरून नितळ होत असे. आता सकाळचा रस दुपार टळली तरी गढूळच राहतो, तळाला काही बसतच नाही. थंडीमुळे होत असावं का?

आजाची तब्येत बरी आहे. आपल्याकडून गेलेला जेवणाचा डबा तो न उघडता परत पाठवतो. शेजारची तुळशीबाई त्याला भाकरी देते.

मांजराने मडकं सांडलं, असं मी तुझ्या आईला सांगितलं होतं. मांजर सांडेल, घासून उन्हात पालथं घालणार नाही, एवढं बोलून ती चुलीकडे वळली.

तुझे पप्पा


बुधवार, २९ जानेवारी

प्रिस्किला,

तुझं उत्तर आलं. तुझ्या आईला वाचता येत नाही, म्हणून तिने फोन माझ्यापुढे धरला आणि मोठ्याने वाचा म्हणाली. "पप्पांना सांग, कढत पाण्यानंतर काही राहत नाही." मी वाचलं. ती म्हणाली, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं.

साफसफाई करवून घेतली, असं मी तुला लिहिलं होतं. कोणाकडून करवून घेणार? तुळशीबाईला सांगितलं तर आजाचं नाव घेऊन, होळ्याच्या मडक्याला मी हात लावायची नाही म्हणाली. मीच केली. तुला गाळ हवा आहे हे कळल्यावर केली, कळण्याआधी नव्हे. हेही लिहून टाकतो, नाहीतर उद्या मी स्वतःचीच समजूत घालीन की मला ठाऊक नव्हतं.

तुझी आई आजाला घेऊन नवापूरला डोळे दाखवायला गेली होती. मी बाही दुमडून झोपडीत शिरलो. तळाचा गाळ बांधाच्या कडेला ओतला. दाट होता, पांढरट, बोटांना बारीक रव्यासारखा लागणारा. मग काथ्याने मडकं घासलं. चूल पेटवून पाणी तापवलं आणि ओतत राहिलो. काळपट पाणी निघत होतं आणि मला बरं वाटत होतं, प्रिस्किला. घरातली एक घाण कायमची गेली, असं वाटत होतं. गाळ काय, रस ओतला की पुन्हा बसेल, अशी मी मनाची समजूत घातली. जन्मभर मुलांना भांडी स्वच्छ ठेवा म्हणून शिकवलं, तेच मी इथे लावलं. मॅडमनी माझं प्रमाणपत्र बघावं आणि ते मडकं बघू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आजा परत आला तेव्हा मी तिथेच होतो. मडकं पालथं दिसल्यावर आधी त्याला वाटलं फुटलं. त्याने ते सरळ केलं, आत हात घालून तळ चाचपला आणि तो हात नाकाशी नेला. पुन्हा घातला, पुन्हा नाकाशी नेला. मी म्हणालो, बा, पाहुणे यायचे आहेत म्हणून धुतलं. मी म्हणालो, तुला विचारायला हवं होतं.

तेव्हा तो बोलला. "राखणदाराला काय विचारायचं?"

म्हणजे त्याने ऐकलं होतं. नाताळपासून तो ते पोटात घेऊन हिंडत होता आणि माझ्या घरचा डबा मुकाट खात होता.

मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते आता लिहितो. तुला ते ठाऊक आहे, पण माझ्या हाताने लिहिलेलं असावं. शोभाबाईंनी विचारलं, मास्तर, हे ताडीवाले आजोबा म्हणजे बाहेर ओट्यावर बसलेत तेच का? मी हसलो आणि म्हणालो, "छे, तो म्हातारा आमच्या शेताचा राखणदार आहे. आमच्या घरात ताडी कधी कोणी काढली नाही." आपल्या गावची माणसं पंगतीत होती. त्यांनी ताटाकडे बघितलं. कोणी काही बोललं नाही, कारण त्यांना मला पाहुण्यांसमोर उघडं पाडायचं नव्हतं. त्यांना माझी लाज राखावीशी वाटली आणि मला माझ्या बापाची लाज वाटत होती.

काल शाळेतून जुना सूक्ष्मदर्शक मागून आणला. माझ्याच कारकिर्दीत घेतलेला. मुख्याध्यापकाच्या कपाटात तो मी कुलपात ठेवत असे, मुलं मोडतील म्हणून. मडक्यातल्या नव्या रसाचा थेंब काचेवर ठेवून बघितला. बारीक बारीक गोल पेशी, सगळ्या सुट्या. एकाही आईला लेक चिकटलेली नाही. मी बराच वेळ शोधत होतो. फळ्यावर मधोमध रेघ मारून डाव्या बाजूला एकपेशीय आणि उजव्या बाजूला बहुपेशीय लिहून देत मी निवृत्त झालो. ती रेघ कोणी कशी ओलांडली, हे मला एकाही मुलाने विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. माझ्या पोरीने विचारलं, तर तिच्या पायाखालचं मी धुऊन टाकलं.

मॅडमना काय सांगशील? माझं नाव सांग. जे झालं तेच सांग.

पप्पा


मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिस्किला,

तुला माझं तोंड बघायचं नसेल, ते बरोबरच आहे. तरी हे वाच, कारण एक वाट निघाली होती आणि तीही मी घाण केली.

तुझ्या आईनेच सांगितलं. नवीन माणूस ताडी काढायला लागतो तेव्हा तो जुन्या माणसाच्या मडक्यातला ओंजळभर गाळ विरजण म्हणून नेतो. खांडबाऱ्याच्या अलीकडचा जामसिंग तरुण होता तेव्हा त्याने आजाकडून असंच नेलं होतं आणि तेच तो अजून चालवतो. नेणाऱ्याने एक बोली पाळायची असते. देणाऱ्याचं मडकं गेलं तर त्याचं विरजण त्याला परत द्यायचं. मात्र मागायला देणाऱ्याच्या घरचंच माणूस यायला हवं, आणि कोणाचं कोण ते चारचौघांत बोलायला हवं. उगाच कोणालाही विरजण देत नाहीत.

आजाला जा म्हटलं तर तो म्हणाला, गेलं ते गेलं. तुझ्या आईला मी म्हणालो, तू जा, तूही घरचीच आहेस. ती म्हणाली, गेले असते, पण धुतलं मी नाही.

म्हणून बाजाराच्या दिवशी मी गेलो. बाजार संपतो तिथे चिंचेखाली जामसिंग मडकी मांडून बसतो. गिऱ्हाईकं उकिडवी बसलेली. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून घसा साफ करत होतो. तेवढ्यात मागून शोभाबाईंचा आवाज आला. हातात भाजीची पिशवी. त्या कौतुकाने म्हणाल्या, मास्तर, बाजारातही व्यसनमुक्तीचं काम? किती करता हो तुम्ही!

मी काय करावं? तू ओळखशील, तुझा बाप आहे मी. मी रस्ता ओलांडला आणि जामसिंगच्या मडक्यांसमोर उभं राहून भाषण दिलं. ताडीने घरं कशी बसतात, पोरांची शाळा कशी सुटते. नेहमीचंच, मला ते झोपेतही येतं. शोभाबाई मान डोलावत होत्या. गिऱ्हाईकं पेला खाली ठेवून ऐकत होती. जामसिंग माझ्याकडे एकटक बघत होता, आणि सगळं ऐकून घेतल्यावर त्याने मला हात जोडले.

येताना मी टोमॅटो घेतले. तुझ्या आईने पिशवीत हात घालून बघितलं, टोमॅटो काढले आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत तिला मी असं रडताना बघितलेलं नाही.

मी फार हलका माणूस आहे, प्रिस्किला. मला वाटत होतं की मी निदान कडक तरी आहे.


बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिस्किला,

काल पुन्हा गेलो. सकाळी तुझ्या आईने धोतर पुढे केलं, मी पांढरी विजारच घातली. ज्या कपड्यांत भाषण दिलं त्याच कपड्यांत मागायला जावं, असं वाटलं. हातात आजाचंच धुतलेलं लहान मडकं.

चिंचेखाली मागच्या बाजारचीच माणसं होती. मला बघून एकाने पेला पाठीमागे लपवला. जामसिंग म्हणाला, मास्तर, मागच्या बाजारी सांगितलंत ते आम्ही ऐकलं, आज आणखी काय राहिलं? सगळे हसले. हसावं असंच होतं ते.

मी म्हणालो, विरजण हवं आहे. त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे. मी म्हणालो, माझी मुलगी पुण्याला शास्त्र शिकते, तिच्या संशोधनाला हवं आहे. त्याने मान हलवली. शास्त्रबिस्त्र मला कळत नाही म्हणाला, आणि तसं विरजण देत नाहीत हे मास्तरला ठाऊक असेल. मग त्याने विचारायचं ते विचारलं. कोणाचं विरजण? आणि तुम्ही त्याचे कोण?

जन्मभर वर्गात ओरडलो, आणि तिथे आवाज निघेना.

"होळ्याचं," मी म्हणालो. "मी होळ्याचा मुलगा. त्याचं मडकं मी धुतलं."

कोणी हसलं नाही. जामसिंग उठून उभा राहिला आणि माझं तोंड नीट न्याहाळलं. म्हणाला, "होळ्या इथे बसायचा तेव्हा सांगायचा, माझा मुलगा मोठा मास्तर आहे. नाव विचारलं तर सांगायचा नाही. बाजारात नाव घेतलं तर त्याला खाली बघावं लागेल म्हणायचा."

मी खालीच बघितलं. मला वाटत होतं, बापाला मी लपवतो. तो मला किती वर्षं लपवत आला होता, माझ्यासाठी, आणि त्याबद्दल घरात कधी एक अक्षर बोलला नाही. त्या चिंचेखाली, त्या माणसांसमोर मी रडलो. पांढऱ्या विजारीत खाली बसलो. कोणीतरी मला पाणी दिलं.

जामसिंगने आपल्या मोठ्या मडक्यातलं वरचं ओतून काढलं, तळाचा गाळ ओंजळीने माझ्या मडक्यात घातला आणि तोंडाला पळसाचं पान बांधलं. त्यावर थोडा रसही घातला, वाटेत उपाशी राहायला नको म्हणून. होळ्याला माझा राम राम सांगा म्हणाला.

मग जीप. मडकं मांडीवर. आंबट वास सगळ्या जीपभर झाला. पुढच्या सीटवर शोभाबाई बसलेल्या, हे मी चढल्यावर बघितलं. रनाळ्याचा एक मिरचीवाला माझ्याशेजारी होता. त्याने नाक मुरडलं आणि अहिराणीत मोठ्याने विचारलं, "काय मास्तर, मडकामा काय शे?"

"ताडी शे," मी म्हणालो. "मन्हा बापनी शे."

शोभाबाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला अजून एक वाक्य बोलायचं होतं आणि ते बोललो. म्हणालो, बाई, नाताळला ओट्यावर जेवत होते ते माझे वडील होते, मी तुमच्याशी खोटं बोललो. पुढचा सगळा रस्ता त्यांनी काचेतून बाहेर बघत काढला. समितीचं अध्यक्षपद मी या रविवारी सोडतो आहे. ताडीने घरं बसतात हे मी अजूनही म्हणतो, पण ते म्हणायला माझं तोंड आता चालणार नाही.

घरी न थांबता सरळ झोपडीत गेलो. आजा खाटेच्या दोऱ्या ताणत होता. मडकं त्याच्यापुढे ठेवलं. त्याने पान सोडलं, वास घेतला आणि बोट बुडवून अंगठ्याशी चोळलं.

"मागितलं कोणी?" त्याने विचारलं.

"मी."

"काय म्हणून?"

"तुझा मुलगा म्हणून."

तो पुन्हा बोट चोळत बसला. मग मोठं मडकं जवळ ओढलं, त्यातलं माझं गढूळ पाणी बांधावर फेकून दिलं आणि जामसिंगचा गाळ त्यात उतरवला. मला म्हणाला, रसाचं भांडं दे इकडे. मी दिलं. त्याने ओतलं. मी बाजूला बसून राहिलो आणि त्याने मला जा म्हटलं नाही. सूर्य कलेपर्यंत वरचं पाणी नितळ झालं होतं.

थेंब काढून घरी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आहेत, प्रिस्किला. फुलकोबीच्या गड्ड्यासारखे. आईला लेक चिकटलेली, तिला तिची लेक, कोण कोणाची ते सांगता येत नाही इतकी दाटी. एका गड्ड्याला मधेच चीर गेलेली दिसली. तुझ्या आईलाही दाखवलं. ती बराच वेळ बघत होती आणि मग म्हणाली, हेच का ते, एवढ्यासाठी पोरगी तिकडे राहते?

तुला रात्री तिने फोन केला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, मुद्दाम गप्प. तू म्हणालीस ते मला ऐकू आलं. ते आजाचं मडकं नाही, जामसिंगच्या हाताखाली इतकी वर्षं वेगळं वाढलेलं आहे, जे धुतलं ते परत येणार नाही. मला ठाऊक आहे. तू खोटं गोड बोलली नाहीस, हे चांगलं केलंस. मग तू म्हणालीस, पण ते सुटलंय आजाच्या मडक्यातूनच, मी येते. तुझ्या आईने फोन माझ्याकडे केला तोवर तू ठेवला होतास. चालेल. तुला वाटेल तेव्हा बोल, नाहीतर नको बोलूस.

मॅडमना हॉलमध्ये आणू नकोस. एसटीतून उतरलात की ताडांच्या बांधाने सरळ झोपडीकडे या. खाट ताणून झाली आहे. मी तिथेच असेन. तुझ्या आजाची ओळख मॅडमना मी करून देईन, ती तू करू नकोस, तेवढं माझ्यासाठी ठेव.

आज डबा परत आला नाही.

तुझे पप्पा,
उमाकांत होळ्या वसावे